भाषेच्या उत्पत्तीविषयीच्या परस्परविरोधी सिद्धान्तांचे वर्गीकरण कसे करावे?

मानवी भाषा कशी निर्माण झाली याविषयीची नाना मते वाचून आपला गोंधळ उडाला आहे आणि एम.ए.च्या प्रकल्पात ती कोणत्या गटांत मांडावीत, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, सिद्धान्तांचे गट पाडूच नयेत. प्रत्येक सिद्धान्त फोडावा, त्यातले 'यामुळे हे घडले' असे एकेक विधान सुटे करावे आणि मांडणी करायची ती त्या विधानांची करावी. मी इतक्या ठामपणे का बोलतो, हे सांगितल्याशिवाय मात्र मला राहवणार नाही, कारण याच मुद्द्यावरून सांगलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझे चांगलेच वाजले होते.

गोष्ट 2019 ची, महापुराच्या काही महिने आधीची. आमच्या महाविद्यालयात चर्चासत्र होते आणि भाषेच्या उगमावरचा भित्तिफलक तयार करण्याचे काम विभागाकडे आले होते. सहकाऱ्यांनी आपल्या जुन्या टिपणांवरून एक वृक्ष काढला. बुंध्यावर 'दैवी उत्पत्तिवाद' आणि फांद्यांवर बाउ-वाउ, पूह-पूह, डिंग-डाँग व यो-हे-हो, म्हणजे अनुक्रमे प्राण्यांच्या आवाजांचे अनुकरण, भावनोद्गार, वस्तूंचा नाद आणि एकत्र श्रम करताना निघणारे हुंकार यांतून भाषा आली, अशी मते. आपल्याकडे ही चौकडी वर्षानुवर्षे शिकवली जाते. त्यांपैकी पहिली दोन नावे भाषाभ्यासक माक्स म्युलर यांनी 1861 च्या व्याख्यानांत प्रतिपक्षाची टर उडवण्यासाठी वापरली होती आणि डिंग-डाँग हे नाव टीकाकारांनी त्यांच्याच मताला चिकटवले होते. टिंगलीसाठी ठेवलेल्या नावांना आपण वर्गीकरण समजतो आणि परीक्षेत त्यांवर टीप लिहायला सांगतो. शिवाय त्या वृक्षावर विसाव्या शतकातले एकही मत नव्हते, ही गोष्ट विभागात कोणाला खटकलीही नाही.

मी विद्यार्थ्यांना हाताशी धरून दुसरा फलक केला. कोऱ्या पोस्टकार्डांवर एकेक गोष्ट लिहिली : 'कळप मोठा झाला', 'हात मोकळे झाले', 'स्वरयंत्र घशात खाली सरकले', 'खाणाखुणा', 'शब्द', 'वाक्यरचना'. एकामुळे दुसरे घडले असे कोणी म्हटले असेल, तर त्या दोन कार्डांमध्ये टाचण्यांना लाल दोरा बांधायचा आणि दोऱ्याला चिठ्ठी अडकवायची. चिठ्ठीवर म्हणणाऱ्याचे नाव आणि त्याखाली पुरावा. रॉबिन डनबार यांचे प्रतिपादन अशा मोजक्या दोऱ्यांत बसले. कळप वाढला, एकमेकांच्या अंगावरच्या उवा-पिसवा वेचून नाती राखायला दिवस पुरेना, आणि एकाच वेळी अनेकांशी संधान ठेवता येईल अशा गप्पांनी ती जागा घेतली.

सहकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून फलक न्याहाळला आणि मुलांसमोर विचारले, "सर, हा भाषाविज्ञानाचा फलक आहे की हळदीच्या सौद्याचा?" मुले हसली. मी म्हणालो, "सर, सौद्यात निदान मालाचा भाव तरी कळतो, आपल्या झाडाच्या कोणत्या फांदीला कोणता पुरावा आहे, ते सांगा." त्यावर ते प्राचार्यांकडे गेले आणि प्रवेशद्वाराशी त्यांचा वृक्ष लागला. आमचा फलक जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी.

तरीही गर्दी जिन्याखालीच झाली, आणि ती तासगावकडच्या एका विद्यार्थिनीमुळे. तिच्याकडे स्वरयंत्राचे कार्ड होते. निअँडर्थल या नामशेष झालेल्या मानवाचे स्वरयंत्र आपल्याइतके खाली नसल्याने त्याला आपले सगळे स्वर उच्चारता येत नसावेत, असे लीबरमन आणि क्रेलिन यांनी 1971 मध्ये मांडले होते आणि वाणीची सुरुवात उशिरा झाली असे मानणाऱ्यांची मोठी भिस्त त्यावर होती. पुढे 1983 मध्ये इस्राएलमधील केबारा गुहेत निअँडर्थलच्या कंठातले हाड सापडले, ते जवळजवळ आपल्यासारखेच निघाले. 2001 मध्ये लाल हरणाच्या नराचेही स्वरयंत्र खाली असते हे फिच आणि रेबी यांनी दाखवले. हरीण काही बोलत नाही. 2016 मध्ये क्ष-किरण चित्रणावरून असे दिसले की, मकाक माकडाचा घसासुद्धा बोलण्यास पुरेसे आवाज काढू शकेल, म्हणजे अडचण घशात नसून मेंदूच्या नियंत्रणात आहे. हे सांगून तिने कात्रीने त्या कार्डाचे दोरे कापले. त्या कार्डावरून 'शब्दां'कडे गेलेले दोरे लोंबकळू लागले; मायकेल कॉर्बॅलिस यांच्या 'आधी हातवारे, मग वाणी' या मताचा दोरा मात्र हलला नाही, कारण तो हातांपासून खुणांकडे जात होता आणि घशाशी त्याचा संबंधच नव्हता. एक पुरावा ढासळला की कोणाचे नेमके किती नुकसान होते, ते वृक्षावर दिसूच शकत नाही, आणि माझे भांडण एवढ्याचसाठी होते.

आता आपल्या प्रश्नाचा उरलेला भाग. दोरा बांधण्यापूर्वी ते विधान कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते पाहावे. निको टिनबर्गन यांनी 1963 मध्ये कोणत्याही वर्तनाविषयी चार प्रश्न वेगळे केले : ते चालते कसे, व्यक्तीच्या आयुष्यात घडते कसे, त्याचा उपयोग काय आणि वंशाच्या इतिहासात ते आले कसे. या चाळणीतून काढल्यावर निम्मी भांडणे उरतच नाहीत. कृत्रिम भाषा एका शिकणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्यात आपोआप रचना येते, असे सायमन कर्बी व सहकाऱ्यांच्या 2008 च्या प्रयोगांत दिसले. भाषेची क्षमता निसर्गनिवडीतून घडली, हा पक्ष पिंकर आणि ब्लूम यांनी 1990 मध्ये मांडला होता. या दोघांना थेट विरोधक ठरवणे उथळपणाचे आहे, कारण भाषेच्या हस्तांतरातून जेवढी रचना येते, तेवढे काम फार तर निसर्गनिवडीकडून कमी होते. याउलट भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की भाषेला मुळात विचाराचे साधन मानतात आणि डनबार समाजबंधाचे. हा विरोध खरा आहे, तो वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दाखवावा.

अशाच कारण-परिणामाच्या बाणांचा एक खुला संगणकीय संग्रह शॉन रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारला असून त्यावरचा लेख 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. टाळेबंदीत त्याचा दुवा मला कोणी पाठवावा? त्याच सहकाऱ्यांनी, "अत्यंत उपयुक्त पद्धती" अशा शेऱ्यासह. मी आमच्या फलकाचे छायाचित्र उलट पाठवले. उत्तर आले नाही. आपल्या मार्गदर्शकांनी वृक्षच हवा असा हट्ट धरला, तर तो परिशिष्टात द्यावा, पण मुख्य प्रकरणात त्याला मुळीच जागा देऊ नये.

दोन मर्यादा सांगायच्या राहिल्या. दोऱ्याला पुराव्याचे वजन कळत नाही, त्यामुळे एका प्रयोगावर उभे असलेले विधान आणि अनेक वर्षांच्या निरीक्षणांवर उभे असलेले विधान फलकावर सारखेच दिसतात. चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे लागते. दुसरे, मोठ्या कळपामुळे गप्पा आणि गप्पांमुळे कळप आणखी मोठा, अशी वर्तुळे वारंवार तयार होतील. त्यांना चूक समजून दोरा तोडू नये. दोन्ही दिशांचे बाण ठेवावेत आणि प्रत्येकाचा पुरावा स्वतंत्र मागावा.