किनाऱ्यावर किंवा खाडीत एकाच वेळी हजारो मासे मरून का पडतात? कंपनीचं रसायनच कारण असतं का?

रसायन असू शकतं, पण सुरुवात तिथून करू नका. पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या. 30 अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात हवेतून विरघळून लिटरमागे जेमतेम 6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो 3 च्या आसपास आला की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, 2 च्या खाली बहुतेक जाती फार वेळ तग धरत नाहीत. त्यात वारा पडला आणि दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं, की वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) दिवसा ऑक्सिजन कमी देतात आणि रात्रभर श्वसनासाठी घेत मात्र राहतात. सगळ्यात खालची पातळी सूर्योदयाच्या जरा आधी येते. त्यामुळे भर दुपारी मीटर बुडवून ‘पाणी ठीक आहे’ असं लिहिणाऱ्या अहवालाला काडीचा अर्थ नसतो. जून 2023 मध्ये टेक्ससच्या क्विंटाना किनाऱ्याला हजारो मेनहेडन (आपल्या तारलीसारखे थव्याने फिरणारे मासे) मरून लागले, त्यामागे हेच होतं: तापलेलं उथळ पाणी, शांत समुद्र, ढगाळ हवा.

पण ‘ऑक्सिजन कमी पडून मासे मेले’ हे अर्धंच उत्तर झालं. ऑक्सिजन संपवला कोणी, ते त्यातून कळत नाही. शहराचं मैलापाणी किंवा मासळी-प्रक्रियेचं सांडपाणी कुजवताना जिवाणूच तो फस्त करतात. विषाचा थेंबही लागत नाही. कोकणातल्या खाड्यांत पहिल्या मोठ्या पावसानंतर मर होते ती बरेचदा अशीच. महिनोन्‌महिने नाल्यांत साचलेली घाण एका रात्रीत खाडीत येते, तळाचा काळा चिखल ढवळून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो आणि गोड्या पाण्याने क्षारता झपकन उतरते. त्याच पावसाचा आडोसा घेऊन कोणी रसायनाच्या टाक्या रिकाम्या केल्या, तर ‘पावसाने झालं’ म्हणणारे आणि ‘कारखान्याने झालं’ म्हणणारे, दोघेही अर्धे बरोबर ठरतात.

उघड्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात वेगळाच प्रकार असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर चढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदींत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी ऑक्सिजन संपून सल्फाइडही आढळतो. अशा वेळी तळाचे जीव आधी सापडतात: लेपा, वाम, पाकट, कोळंबी. पाणी तांबूस-नारिंगी दिसत असेल तर नॉक्टिल्युका हा एकपेशीय प्लवक आठवा. तो माशांना थेट विष देत नाही, पण अंगात अमोनिया साठवतो आणि मेल्यावर कुजताना ऑक्सिजन खातो. कॅरेनियासारखी सूक्ष्म शैवालं मात्र कल्ल्यांवरच घाव घालतात; दक्षिण ऑस्ट्रेलियात 2025 मध्ये मर झाली ती त्यांच्यामुळे.

कारण ओळखायला मी मेलेल्यांपेक्षा जगलेल्यांकडे आधी बघतो. ऑक्सिजन संपला असेल तर मोठे मासे लवकर जातात, तोंड उघडं, कल्ले फाकलेले. चिंबोऱ्या पाण्याबाहेर कातळावर येऊन बसतात आणि निवट्या चिखलावर नेहमीसारख्या उड्या मारत असतात, कारण त्या हवेवर जगू शकतात. निवट्याही मेल्या असतील, लहान-मोठं सगळं एकदम गेलं असेल, मासे गिरक्या घेत होते, कल्ल्यांवर रक्त किंवा जाड चिकटा आहे, तर विष किंवा आम्ल धरा. एकच जात रोज थोडीथोडी मरत असेल तर रोग. कणा मोडलेला, पोटातली हवेची पिशवी फुटलेली, तर जिलेटिनचा स्फोट. आणि एकाच मापाची मासळी, अंगावर जाळ्याचे वळ, तीही फक्त भरतीच्या रेषेवर पडलेली असेल, तर कोणत्या तरी बोटीने नको असलेला माल समुद्रात ओतलाय. हे कारण लोकांना सुचतच नाही.

उलट बाजूही आहे. एप्रिल 2016 मध्ये व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर चार प्रांतांत मासे मेले, तेव्हा आधी बोट शैवालाकडे दाखवलं गेलं. जूनअखेरीस फोर्मोसा या तैवानी कंपनीच्या तिथल्या पोलाद कारखान्याने जबाबदारी मान्य करून 50 कोटी डॉलर भरपाई कबूल केली. सांडपाण्यात फेनॉल आणि सायनाइड होतं.

आता नमुन्याचं. बहुतेक प्रकरणं इथेच ढिली पडतात. मेलेला मासा आधी तळाला जातो, कुजून फुगला की वर येतो, आणि तोवर दोन-तीन भरत्या-ओहोट्या उलटलेल्या असतात. म्हणून जिथे खच दिसतो तिथलंच पाणी भरून भागत नाही. वरच्या अंगाचं, खालच्या अंगाचं आणि जवळच्या नाल्याच्या तोंडाचंही घ्या. ऑक्सिजनसाठी 300 मिलीची काचेची बीओडी बाटली (पाण्यातला ऑक्सिजन तपासायची घट्ट बुचाची बाटली) बुडबुडा न राहता काठोकाठ भरा आणि जागेवरच मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड 1-1 मिली पाण्याच्या आत सोडा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पुढचं मोजमाप प्रयोगशाळेत होईल, पण पांढरा साका तिथेच बरंच सांगून जातो. प्लवकांसाठी लिटरभर पाण्यात फिकट चहाचा रंग येईपर्यंत लुगोल आयोडीन (प्लवक टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घाला. सायनाइडचा संशय असेल तर वेगळ्या बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइडने सामू (pH) 12 च्या वर न्या; त्यात चुकूनही आम्ल घालू नका, विषारी वायू सुटतो. मासे तडफडत असलेलेच घ्या. कल्ले पांढरे पडलेला मासा तपासून काही निघत नाही. कीटकनाशकाच्या तपासणीसाठी फॉइलमध्ये, धातूंसाठी प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही बर्फावर. कल्ल्यांचे तुकडे त्यांच्या दसपट फॉर्मॅलिनमध्ये.

त्याच वेळी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवून पंचनामा मागा. तुमच्या बाटलीवरून दिशा कळते, खटला उभा राहत नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाने नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद घ्यावा लागतो. पडलेली मासळी खाऊ नका, खारवून सुकवूही नका. शैवालाची कित्येक विषं ना शिजवून जातात, ना मिठाने.