‘पडून फ्रॅक्चर’ असं लिहू देऊ नका

प्रश्न : सांगलीत माझं ब्युटी पार्लर आहे, वय ४७. दिवसभर उभं राहून उजव्या पायाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय (बनियन), शेजारचं बोटही वाकलंय. दोन वर्षांपूर्वी एक्स-रे काढला होता. डावा पायही तसाच आहे, पण दुखत नाही. हॉस्पिटलने दोन्ही पायांचे मिळून २ लाख सांगितलेत. १० लाखांची आरोग्य पॉलिसी १४ महिन्यांपूर्वी घेतली. एजंटने फॉर्ममध्ये आधीच्या आजारांच्या प्रश्नांपुढे सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरचे म्हणतात, पडून फ्रॅक्चर झालं असं दाखवलं की क्लेम लगेच पास होईल. तोवर डिपॉझिट भरायला ४ लाखांची एफडी मोडू की सोनं गहाण ठेवू?

उत्तर : ताई, एफडी मोडा. दंड एक टक्क्याच्या आसपास बसेल. १ लाख काढले तर हजारभर रुपये. सोनेतारण कर्जाचं व्याज त्याहून कितीतरी जास्त. तुमचा प्रश्न इथे संपला. माझी काळजी वेगळीच आहे.

डेस्कवरचा माणूस सुचवतोय ती सरळ फसवणूक आहे. क्लेम फॉर्मचा एक भाग हॉस्पिटल भरतं आणि त्यात आजाराचा आयसीडी-१० कोड, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक, लिहावा लागतो. तुमच्या अंगठ्याचा कोड एम २०.१, वाकलेल्या बोटाचा एम २०.४. तळपायाच्या पुढच्या हाडाचं फ्रॅक्चर असेल तर एस ९२.३. अपघाताला प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळत नाही तो काळ) नसतो, आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत असतो. हा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी चाललाय. पण फॉर्मचा दुसरा भाग तुम्ही भरायचा असतो, खाली सही तुमची असते. इजा कशी झाली, पोलिसात नोंद झाली का, हे त्यात विचारतात. तुम्ही काय लिहिणार? एकाच दिवशी दोन्ही पाय, दोन्हीकडे तेच हाड? वर दोन वर्षांपूर्वीचा तारीख घातलेला एक्स-रे आहेच. अंगठा इतका कलायला वर्षं लागतात, हे कंपनीचा डॉक्टर फिल्म उजेडात धरताच ओळखेल.

पकडलं गेलं तर नुकसान २ लाखांचं नाही, १० लाखांच्या कव्हरचं आहे. पॉलिसी रद्द होईल. नवी घ्यायला गेलात की प्रत्येक कंपनी विचारणार, आधी तुमची पॉलिसी कुणी रद्द केली होती का? पन्नाशीच्या तोंडावर हे ओझं घेऊ नका. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की कंपनी जुनी प्रकरणं उकरून काढू शकत नाही हे खरं, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते संरक्षण नाही. डेस्कवरच्या माणसाचं यात काहीही जाणार नाही.

आता ते ‘नाही’. एजंटने लिहिलं असलं तरी सही तुमची आहे, म्हणून ते तुम्हालाच दुरुस्त करावं लागेल. याच आठवड्यात कंपनीला ईमेल करा : अमुक तारखेला एक्स-रे काढला होता, प्रस्तावात सांगायचं राहिलं, नोंद घ्यावी. बीपी, शुगर, थायरॉइड असं आणखी काही लपलं असेल तर तेही त्याच पत्रात घाला. कंपनी प्रीमियम वाढवेल, प्रतीक्षा काळ नव्याने लावेल, फारच झालं तर पॉलिसी रद्द करेल. तसं झालंच तर आज, तब्येत धड असताना झालेलं बरं. आयसीयूच्या दारात कळण्यात काय अर्थ आहे? एजंट ‘कशाला उगाच’ म्हणेल. त्याचं कमिशन केव्हाच त्याच्या खिशात गेलंय.

आणि जो पाय दुखत नाही तो कापून का घ्यायचा? बनियनचं ऑपरेशन दुखण्यासाठी करतात. ‘एकदमच उरकून घ्या’ यात सोय हॉस्पिटलची आहे. दुसऱ्या एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. पुढून रुंद बूट आणि बोटांमधल्या सिलिकॉनच्या पॅडने भागेल का, हे विचारा. त्याने हाड सरळ होत नाही, पण बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं, आणि खर्च काही हजारांत आटोपतो. दुखणं, केलेले उपाय, कामात येणारी अडचण हे सगळं डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा. पुढे रीतसर क्लेम करायची वेळ आली, तर कंपनीला ‘हे दिसण्यासाठी केलं’ म्हणून हात वर करणं अवघड जाईल.

ऑपरेशन करायचंच ठरलं तर फक्त उजवा पाय, स्वतःच्या पैशाने. साधारण १ लाख. शिवाय सहाएक आठवडे खास बूट घालून वावरायचं आणि सूज कित्येक महिने रेंगाळते, म्हणजे पार्लरमध्ये दोन महिने उभं राहणं विसरा. हा आकडा तुमच्या पत्रात कुठेच नाही. महिन्याला ३० हजार सुटत असतील तर ६० हजार बुडाले, गाळ्याचं भाडं चालूच. खरा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात जातो. एफडीतून तो निघतो आणि दोन लाखांच्या वर गाठीशी उरतात. दोन्ही पाय एकदम केलेत तर घरातही कुणाच्या तरी आधाराशिवाय हलता येणार नाही, आणि एफडीचा तळ दिसेल.

लग्नसराई संपल्यावर, आषाढाच्या तोंडावर तारीख घ्या. त्या दिवसांत नवरीचे मेकअप नसतात, बुडणारी कमाईही कमी असेल. मात्र कंपनीला ईमेल त्याच्या कितीतरी आधी, आत्ताच जायला हवा.