वाचकांचे प्रश्न : कचऱ्यातला मिथेन, तेलविहिरीवरचा मिथेन आणि खर्च कुणाचा

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो, रात्री वारा फिरला की कांजूरच्या डंपिंगचा वास थेट बेडरूममध्ये. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की सॅटेलाइटने इथला मिथेन पकडलाय. मग हा वास मिथेनचाच का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नाही हो, मिथेनला वासच नसतो. तुमच्या नाकात जातो तो हायड्रोजन सल्फाइड आणि सडताना निघणारे बाकीचे वायू, पण निघतात सगळे त्याच ढिगातून, त्यामुळे तुमची तक्रार बरोबरच आहे. ओला कचरा खाली दाबला गेला आणि हवा मिळेनाशी झाली की ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू कामाला लागतात आणि मिथेन सोडतात. सॅटेलाइटचंही खरंय. २०२२ मध्ये एका डच टीमच्या अभ्यासात मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या चार शहरांचे डंप वरून मोजले होते, त्यात मुंबईच्या डंपचा आकडा ताशी ९.८ टनांच्या आसपास निघाला. शहरांचं एकूण उत्सर्जनही कागदावरच्या हिशोबापेक्षा १.४ ते २.६ पट निघालं, म्हणजे कागद आणि हवा यांचा मेळच नाही.

मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, पण वीस वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. आज कमी केला तर फरक आपल्या हयातीत दिसेल, म्हणून सगळे याच्या मागे लागलेत.

प्रश्न : ढिगात पाइप खुपसून गॅस काढायचा आणि विकायचा, इतकं सोपं असताना गरीब देशांना परदेशी मदत कशाला लागते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाइप घालता येतात, मुंबईनेच गोराईला करून दाखवलंय. १९७२ पासूनचा डंप २००७ मध्ये बंद केला, वर माती आणि शीट घालून झाकला, आतला गॅस ओढून जाळायची सोय केली आणि त्यावरचे कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारी आणि विकता येणारी प्रमाणपत्रं, आशियाई विकास बँकेने आगाऊ पैसे देऊन घेतले. स्कीम छान होती. पण २०१२ नंतर त्या क्रेडिटचे भाव कोसळले आणि जगभर असे कितीतरी प्रोजेक्ट लटकले, कारण मशीन बसवायला पैसा मिळतो, पंप रोज चालवायला मिळत नाही. शिवाय पाइप पडेपर्यंत बराच गॅस आधीच उडून गेलेला असतो.

मला विचाराल तर मदतीचं खरं दुखणं इथेच आहे. देणाऱ्याला फीत कापता येईल असा प्लांट हवा असतो आणि महापालिकेला हवा असतो गाड्यांचं डिझेल, सफाई कामगारांचा पगार, ओला-सुका वेगळा करून घेणारी माणसं. फीत कापून झाल्यावर तिसऱ्या वर्षी कोण बघतो? इंदूरचं उदाहरण सगळे देतात, २०२२ मध्ये सुरू झालेला रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्लांट, पण तो चालतो कारण शहराने आधी कित्येक वर्षं घराघरातून कचरा वेगळा घ्यायची सवय लावली होती. मिक्स कचरा ओतला असता तर डायजेस्टरमध्ये, म्हणजे कचरा कुजवून गॅस काढायच्या टाकीत, प्लास्टिकच अडकलं असतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया २००८ पासून दारोदार जाऊन हेच काम करतायत, मिथेन हा शब्द न उच्चारता.

स्वस्तातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. जपानच्या फुकुओकात सत्तरच्या दशकात डंपच्या तळाशी भोकांचे पाइप आणि खडी घालायची पद्धत निघाली, घाण पाणी लगेच बाहेर जातं आणि ढिगातल्या उष्णतेमुळे बाहेरची हवा त्याच पाइपातून आपोआप आत ओढली जाते, ना ब्लोअर ना विजेचं बिल. हवा मिळाली की मिथेन कमी. पाइपाऐवजी बांबू आणि जुने ड्रम वापरूनही हे केलंय. इथिओपियात अदिस अबाबाच्या कोशे डंपवर मार्च २०१७ मध्ये ढीग कोसळून शंभराहून जास्त माणसं गेली, त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तिथे हीच पद्धत नेली. मदत म्हणावी तर अशी, तिथल्याच गवंड्याला दुरुस्त करता येईल अशी.

प्रश्न : मी ओमानला एका ऑइल फील्डवर कॉन्ट्रॅक्टवर आहे. दिवसरात्र फ्लेअर, म्हणजे तेलासोबत निघणारा गॅस जाळायची ज्योत, जळत असतो. तेल कंपन्यांना मिथेन थांबवायला परत मदत म्हणून पैसे द्यायचे, हे पटत नाही. आणि फ्लेअर जाळणं चांगलं की वाईट?
– एक वाचक, मस्कत

उत्तर : हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेनच, तो तसाच सोडण्यापेक्षा जाळणं बरं, पण वाटतो तितका जळत नाही. अमेरिकेतल्या फ्लेअरांवरून विमान फिरवून मोजलं तर ९८ टक्के मिथेन नष्ट होतो असं धरलं होतं तिथे ९१ च्या आसपास निघालं, वारा असतो, काही फ्लेअर तर विझलेलेच असतात. सगळ्यात चांगलं म्हणजे गॅस गोळा करून वापरणं.

पैशाबद्दल माझंही मत तुमच्यासारखंच आहे. गळके व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरची सीलं, गॅसच्याच प्रेशरवर चालणारी उपकरणं, हे सगळं बदलायचं तंत्र आहे आणि वाचलेला गॅस विकून बराच खर्च निघतो. इथे लागतो तो दट्ट्या. अल्जेरियात हासी मसाऊदजवळची एक गळती किमान १९९९ पासून चालू होती, वर्षाला २७ हजार टनांच्या वर मिथेन, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सॅटेलाइट अलर्ट सिस्टीमने सरकारच्या मागे लागून २०२४ मध्ये ती बंद करून घेतली. पंचवीस वर्षं! पण याच सिस्टीमने तोवर देशांना आणि कंपन्यांना पाठवलेल्या बाराशे अलर्टपैकी जेमतेम एक टक्क्याला धड उत्तर आलं होतं, आणि त्यात श्रीमंत देशही होते बरं का.

मदत लागते ती जिथे देशाकडे तपासायला इन्स्पेक्टर नाही, गळती दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा नाही, कायदा लिहायला माणूस नाही तिथे. जागतिक बँकेने २०२३ मध्ये फ्लेअरिंग आणि मिथेन कमी करायला २५ कोटी डॉलरच्या वर निधी उभा केला. तो सरकारांकडे जावा, नफा कमावणाऱ्या कंपनीच्या खिशात नको, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न : भारताने ते मिथेनचं आंतरराष्ट्रीय प्लेज सही का नाही केलं? लाज वाटते.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : लाज नको. २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर झालेल्या प्लेजमध्ये २०३० पर्यंत ३० टक्के कपात आहे, दीडशेच्या वर देश आले, भारत आणि चीन नाहीत. आपला बराच मिथेन गाई-म्हशींचा आणि भातशेतीचा, तो अल्पभूधारकाच्या पोटाशी जोडलेला, म्हणून सरकार थांबलं. ते मला पटतं. पण डंपिंगला हे कारण चालत नाही ना, कचरा वेगळा केल्याने कुठल्या शेतकऱ्याचं नुकसान होणारे?

प्रश्न : बिल्डरने आमच्या सोसायटीत बायोगॅस प्लांट दिला होता, सहा महिन्यांत बंद पडला. परत चालू करावा की कंपोस्ट?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रोज शंभर किलोच्या वर कचरा असेल तर २०१६ च्या नियमांपासूनच ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी सोसायटीची आहे. प्लांट चालू करायच्या आधी एक बघा, रोज त्याच्याकडे लक्ष द्यायला ठरलेला माणूस आणि त्याचा पगार मेंटेनन्समध्ये धरलाय का? नसेल तर कंपोस्टच बरं. त्यात सुका पाला घाला, आठवड्याला हलवा, हवा खेळती राहिली की मिथेन नगण्य होतो आणि वासही जातो. बायोगॅसला भात-भाजी चालते, नारळाच्या शेंड्या आणि आंब्याच्या कोयी टाकू नका, असले प्लांट बरेचदा त्यानेच चोक होतात.