भाऊ केरळात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, कामाला आहे. सांगलीत आम्ही सगळ्यांनी मंकीपॉक्सची लस घ्यावी का?

नाही, सरसकट घ्यायची ही लस नाही. विटा-खानापूरकडची माणसं गलाईसाठी देशभर पसरलेली आहेत आणि भारतातला पहिला रुग्ण जुलै २०२२ मध्ये केरळातच सापडला, त्यामुळे तुमची काळजी कळते. पण हा रोग मुख्यतः अंगाला अंग लागून, शारीरिक संबंधातून आणि रुग्णाच्या अंथरूण-पांघरुणातून पसरतो.

म्हणून लसही रुग्णाभोवती कडं केल्यासारखी देतात. आधी घरातली आणि निकटची माणसं, मग शुश्रूषा करणारे. रुग्णाशी संपर्क आल्यावर चार दिवसांच्या आत टोचली तर आजार टळण्याची शक्यता चांगली असते. अंगावर फोड उठल्यावर मात्र तिचा उपयोग नाही.

माझ्या आजीच्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे, रुपयाएवढा, सुरकुतलेला. देवी आणि मंकीपॉक्सचे विषाणू एकाच घराण्यातले, त्यामुळे त्या जुन्या लशीचं थोडं संरक्षण या रोगावरही मिळतं. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं, टोचणं थांबलं, आणि नंतरच्या पिढ्या उघड्या राहिल्या. आताच्या एमव्हीए-बीएन लशीतला विषाणू शरीरात वाढत नाही, म्हणून तसा वण उठत नाही. २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस असतात. जागतिक आरोग्य संघटनेने तिला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

भावाला एवढंच सांगा: ताप, मानेत-जांघेत गाठी आणि फोड दिसले तर कांजिण्या समजून अंगावर काढू नकोस. वेगळा झोप, टॉवेल वेगळा ठेव आणि लगेच सरकारी दवाखाना गाठ.