आजोबांची वजाबाकी आणि शाळेची

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. तिचा गणिताचा गृहपाठ आजोबा घेतात. पण त्यांची वजाबाकीची रीत वेगळी आणि शाळेची वेगळी, त्यामुळे मुलगी रोज रडकुंडीला येते. शेवटी वही कोरी जाऊ नये म्हणून मीच उत्तरे सांगते. काय करावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आजोबांचे चुकत नाही आणि शाळेचेही नाही. ५२ मधून २७ वजा करताना जुन्या रीतीत वरच्या एककाला दहा देतात आणि खालच्या दशकात हातचा एक मिळवतात. मग बारातून सात गेले, पाच उरले आणि पाचातून तीन गेले, दोन उरले. आजच्या पाठ्यपुस्तकात वरच्या पाच दशकांतला एक सुटा करून एककांत घेतात, वर चार दशक उरतात आणि खालचा दोन तसाच राहतो. दोन्हीकडे उत्तर २५ येते. मात्र मुलीने दोन्ही रीती एकत्र केल्या, म्हणजे वरचा पाच चार केला आणि खालचा दोनही तीन केला, तर उत्तर १५ येते. नेमकी दहाने कमी आलेली अशी उत्तरे वहीत आहेत का, ते पाहावे. असल्यास तिला निष्काळजी म्हणून रागावू नये.

आजोबा रोज नातीजवळ बसतात हे तिचे भाग्यच आहे, ते मोडू नये. त्यांनी फक्त आधी विचारावे, "मॅडमनी कसं करून दाखवलं, मला सांग बघू." तिला सांगता आले नाही, तर दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये पुढ्यात ठेवून सत्तावीस रुपये मागावेत, एक नोट मोडल्याशिवाय ते देता येत नाहीत, हे तिचे तिलाच उमगेल. आजोबांची रीत नंतर पडताळ्यासाठी अवश्य शिकवावी.

आपण उत्तरे सांगणे मात्र आजपासून थांबवावे, कारण वहीत सगळे बरोबर दिसले की मुलगी कुठे अडते हे शिक्षिकांना कळतच नाही. न जमलेले गणित तसेच ठेवून डायरीत एक ओळ लिहावी. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सुचवलेला आहे. तिला याहून बराच अधिक वेळ लागत असेल, तर पालकसभेची वाट न पाहता वही घेऊन वर्गशिक्षिकांना भेटावे आणि जमल्यास आजोबांनाही बरोबर न्यावे.