मुलांना चित्रकला शिकवणं, हे करिअर होऊ शकतं का?

तुझं पत्र मिळालं. थोडक्यात प्रश्न असा, की तू पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, रविवारी एका वाचनालयातल्या मोफत कलावर्गात वॉलंटियर म्हणून जातेस, तिथे ६ ते १२ वयाची मुलं असतात, तीच संस्था जवळच्या शाळांमधल्या शिक्षकांसाठीही वर्कशॉप घेते आणि तुला आता हेच काम करायचंय. बाबा म्हणतात हा छंद झाला, आधी ग्राफिक डिझाइनची नोकरी बघ. आणि तुझी स्वतःची भीती अशी, की 'माझं ड्रॉइंग वर्गात सगळ्यात चांगलं नाहीये, मी काय शिकवणार?'

ड्रॉइंगचं आधी घेऊ, कारण ती भीती अगदीच चुकीच्या जागी आहे.

व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे कलाशिक्षणातले मोठे अभ्यासक होते, त्यांनी मुलांची चित्रं वयाप्रमाणे कशी बदलत जातात ते टप्पे मांडले, साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत रेघोट्या, मग पाय थेट डोक्यातून निघालेली माणसं, मग सात-आठच्या आसपास खाली जमिनीची एक रेघ, वर आकाशाची निळी पट्टी आणि मध्ये सगळं रिकामं. तुझ्या वर्गातली सहा-सात वर्षांची मुलं आईला घरापेक्षा मोठी काढतात किंवा घराच्या भिंतीतून आतली खुर्ची दिसते ना, ते चुकलेलं नसतं गं, जे महत्त्वाचं ते मोठं आणि जे माहितीये ते दिसणारच, इतकं सरळ आहे ते. खरा घोळ नऊ-दहाव्या वर्षी होतो, तेव्हा मूल आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून बघायला लागतं, मनासारखं येत नाही आणि एक दिवस 'मला ड्रॉइंग येत नाही' म्हणून वही मिटतं ती कायमची. त्या वेळी समोरच्या मोठ्या माणसाने काय बोलायचं हे ज्याला कळतं, तो या कामात टिकतो. तुझा हात किती सफाईदार आहे हा तिथे दुसरा मुद्दा, उलट फार सफाईदार हात असलेले लोक पटकन मुलाची पेन्सिल हातात घेऊन 'हे बघ असं' म्हणून दाखवतात आणि मग ते चित्र त्या मुलाचं उरतच नाही.

बोलायचं कसं, याचं एक साधन आजच घे. फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाऊसन यांनी चित्र बघायला शिकवण्याची एक पद्धत तयार केली, तिच्यात तीनच प्रश्न असतात: या चित्रात काय चाललंय? कशावरून असं वाटतं? आणखी काय दिसतंय? बस. पुढच्या रविवारी एकच मोठं चित्र लाव, हे तीन प्रश्न विचार आणि तू स्वतः माहिती सांगायची नाहीस, मुलं जे बोलतील तेच आपल्या शब्दांत परत म्हणायचं. सोपं वाटतं, पण कलाशाखेच्या माणसाला गप्प बसणं भयंकर जड जातं!

आता बाबा. त्यांना सांग की हे खूळ कालचं नाही. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३७ मध्येच शिक्षणाचं काम बघायला व्हिक्टर डी'अमिको यांना घेतलं, इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या बालशाळांमध्ये तर 'अटेलिएरिस्टा' अशी स्वतंत्र पोस्ट असते, म्हणजे कलेची पार्श्वभूमी असलेली व्यक्ती जी वर्षभर शाळेतच असते आणि वर्गशिक्षकांच्या जोडीने काम करते. पण पैशाच्या बाबतीत बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. या क्षेत्रात सुरुवातीचं काम बहुतेक वेळा पार्टटाइम असतं, सेशनप्रमाणे मानधन मिळतं, आणि प्रोजेक्टला देणगी असेपर्यंतच प्रोजेक्ट असतो. म्हणून कुठेही जॉइन होण्याआधी विचारायला लाजू नकोस की निधी कधीपर्यंत आहे, एका वर्गात किती मुलं, साहित्याचा खर्च कोण करतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तयारीच्या वेळेचे पैसे मिळतात का. दोन तासांच्या वर्गामागे कागद कापणं, रंग काढून ठेवणं, नंतर ब्रश धुणं, नोंदी लिहिणं यात अजून तेवढाच वेळ जातो आणि तो कोणी मोजत नाही, तिथेच चांगली चांगली माणसं दमून सोडून जातात.

मग टिकाऊ करिअर कुठे आहे? माझं मत विचारशील तर शिक्षकांच्या बाजूला. मुलांचे वर्ग घेणारे उत्साही वॉलंटियर दरवर्षी नवे मिळतात, पण शाळेतल्या शिक्षकाला कलेच्या बाबतीत पायावर उभं करणारी माणसं फार कमी आहेत. तो शिक्षक बघ ना, वर्ग भरलेला, तास छोटा, पाणी लांब, आणि त्याला स्वतःलाच लहानपणी कोणीतरी सांगितलेलं असतं की तुला चित्र जमत नाही. त्याला एक दिवसाचं वर्कशॉप देऊन कागदाचं फुलपाखरू करायला शिकवलं की तो दुसऱ्या दिवशी वर्गात तेच करून घेतो, अख्ख्या वर्गाची सारखी फुलपाखरं भिंतीवर लागतात, संस्थेच्या रिपोर्टमध्ये फोटो छापला जातो आणि सगळे खूश. मला असल्या वर्कशॉपचा मनापासून कंटाळा आहे. त्यापेक्षा शिक्षकाला आधी स्वतः रंगात हात घालू द्यायचा, बिघडवू द्यायचं, मग त्याच्याच वर्गातल्या मुलांची चित्रं समोर मांडून एकत्र बघायची, आणि नंतर आपण त्याच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसायचं, महिन्याभराने पुन्हा जायचं. हे ज्याला जमतं त्याला पुढे ट्रेनर, अभ्यासक्रम तयार करणं, प्रोग्राम कोऑर्डिनेटर, म्युझियमचा शिक्षण विभाग असे रस्ते उघडतात.

फक्त तिथे थेट उडी मारू नकोस. ज्याने स्वतः मुलांचा वर्ग सांभाळलेला नाही त्याचं शिक्षक ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. निदान दोन वर्षं एकाच गटाबरोबर काम कर, दर महिन्याला नवीन वस्ती नवीन मुलं असं नको, कारण तेच मूल सातव्या वर्षी आणि नवव्या वर्षी काय काढतं हे बघितल्याशिवाय नजर तयार होत नाही.

त्या काळात घर कसं चालवायचं? इथे बाबांचा सल्ला घे की! ग्राफिक डिझाइनचं काम पार्टटाइम धर. अशा संस्थांना वर्कशीट, पोस्टर, रिपोर्ट करून देणारं माणूस कायम हवं असतं, त्यामुळे ती स्किल वाया जाणार नाही.

पोर्टफोलिओमध्ये स्वतःची पेंटिंग थोडीच ठेव. बाकी एका मुलाची सहा महिन्यांतली चित्रं तारखांसह, तू दिलेलं साहित्य, तू विचारलेले प्रश्न, आणि फसलेला एखादा तास पण. पालकांची परवानगी घेतल्याशिवाय मुलांची चित्रं वापरायची नाहीत, चेहरे आणि नावं तर नकोतच.

कोर्सबद्दल म्हणशील तर शाळेत कायम नोकरी हवी असेल तर शिक्षकाची जी रीतसर पात्रता लागते ती घ्यावी लागेल, त्याला पर्याय नाही. संस्थांमध्ये काम करायचं असेल तर बालविकासाचा एखादा चांगला कोर्स आधी कर, मास्टर्स नंतर बघू. आर्ट थेरपीचं तू जाता जाता लिहिलंयस, ते वेगळं क्षेत्र आहे, त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, आपला कलावर्ग कितीही आनंदाचा असला तरी त्याला थेरपी म्हणायचं नाही.

आणि संस्थेवाले वर्षाअखेरीस चित्रकला स्पर्धा ठेवायची म्हणतायत, त्यावर तुझं मत विचारलंय ना, तर सांग की नको. त्याऐवजी प्रदर्शन करा, प्रत्येक मुलाने आपलं एक चित्र स्वतः निवडायचं आणि त्याखाली दोन ओळी स्वतःच सांगायच्या, लिहिता येत नसेल तर तू लिहून घे. शिक्षकांनाही त्यात एकेक चित्र लावायला लाव, बघ किती जण तयार होतात ते.