गोठ्यातली चेसिस आणि सेकंड पीयूचं वर्ष

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातनं एका गुरुजींचं पत्र आलंय. मुलगा सेकंड पीयू, म्हणजे बारावी, सायन्सला आहे. जनावरं विकल्यावर रिकामा झालेला गोठा त्यानं उन्हाळ्यापासनं ताब्यात घेतलाय आणि एक इंची चौकोनी पाइपांची गाडीची चेसिस म्हणजे सांगाडा करतोय, व्हिडिओ बघून, इंग्लंडच्या लोटस सेव्हनसारखी दोन सीटची उघडी गाडी. वेल्डिंगचं मशीन गुरुजींनीच घेऊन दिलं. आता चाचणी परीक्षेत गणितात मार्क कमी आलेत, शेजारचे म्हणतात सायन्सला घालून पोरगं शेवटी गॅरेजातच जाणार, आणि गुरुजी तीन गोष्टी विचारतात: यात पुढं पोटापाण्याचं काय आहे का, परीक्षेपर्यंत गोठ्याला कुलूप घालू का, आणि गाडी झालीच तर रस्त्यावर चालवता येईल का.

गुरुजी, नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते मुलाला आजच कळायला पाहिजे. रस्त्यावर चालवता येणार नाही. रजिस्ट्रेशनशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा नियम, आणि रजिस्ट्रेशन व्हायचं तर १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या नियम १२६ प्रमाणं त्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून पास व्हावा लागतो, ही सगळी सोय गाड्या करणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, घरी एकच गाडी करणाऱ्याला ती झेपण्यातली नाही. काहीजण सांगतात की जुन्या गाडीची आरसी ठेवायची आणि खाली नवी चेसिस घालायची, तेही अजिबात करू देऊ नका, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल कलम ५२ मध्ये बसत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय. इंग्लंडात घरी केलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी होते आणि पास झाली की तिला नंबर मिळतो, तिथली व्हिडिओ बघून आपल्याकडंही तसंच असणार असं पोरांना वाटतं. शिवाय तुमचा मुलगा अजून अठराचा झालेला नाही. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, हे कलम १९९-अ २०१९ च्याच दुरुस्तीत आलंय. तुम्ही नोकरीत आहात म्हणून स्पष्ट लिहिलं. आपल्या शेतात, माणसं नसलेल्या जागी, हेल्मेट घालून, मोठं कुणीतरी जवळ असताना, एवढंच.

पण रस्त्यावर जाणार नाही म्हणजे सगळं वाया, असं मुळीच समजू नका. ही गाडी मुलाला कुठं घेऊन जाणार आहे ते तिच्या नंबर प्लेटवर अवलंबून नाही, तो ती कशी करतोय त्यावर आहे, आणि ते तुम्ही स्वतः गोठ्यात जाऊन बघू शकता.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की भंगारात मारुती ८०० स्वस्तात मिळत होती तरी हा ओमनीच पाहिजे म्हणून अडून बसलाय. तुम्हाला तो हट्ट वाटला. मी ते वाक्य परत परत वाचलं, कारण मला सगळ्यात जास्त भरवसा त्याच वाक्यानं दिला. दोन्हीत ७९६ सीसीचं इंजिन, पण ८०० मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं, ओमनीत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं, मागं प्रोपेलर शाफ्ट जातो आणि मागची चाकं फिरतात. सेव्हनच्या धाटणीची गाडी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळं तिला ओमनीचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल जसाच्या तसा जुळवता येतो. म्हणजे पोरानं आधी गाडी समजून घेतली आणि मग भंगारवाल्याकडं गेला. हे सांगून येत नाही गुरुजी. (घेताना आरसी आणि विकणाऱ्याचे कागद मात्र तुम्ही स्वतः बघा, भंगारात चोरीची गाडी निघाली तर केवढा त्रास.)

आता गोठ्यात जावा आणि त्याला विचारा, हा पाइप किती गेजचा. अशा चेसिसला साधारण २५ मिलिमीटरचा चौकोनी, १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप लागतो. आपल्याकडं दुकानात नुसतं एक इंची म्हटलं की खिडकी-ग्रिलला लागतो तो १८ गेजचा, १.२ मिलिमीटरचा हातात देतात, बाहेरनं दोन्ही सारखेच दिसतात. काट्यावर टाकला की कळतं, ६ मीटरचा अख्खा पाइप १६ गेजचा असेल तर ७ किलोच्या आसपास भरतो आणि १८ गेजचा साडेपाचच्या आत. त्यानं वजन केलेलं असेल, नाहीतर कापलेल्या तोंडावर जाडी मोजायचा व्हर्निअर लावलेला असेल, तर पोरगं बरोबर रस्त्यावर आहे. केलेलं नसेल तर आजच करायला लावा. आणि पाइप काळा पाहिजे, जीआय म्हणजे जस्ताचा थर असलेला नको, जस्ताच्या धुरानं ताप भरतो, बंद गोठ्यात तर जास्तच.

मग कर्ण. चौकोनी फ्रेम नुसत्या चार पाइपांची असली तर जुन्या खाटेसारखी तिरकी होते, म्हणून प्रत्येक चौकोनात एक तिरका पाइप टाकून त्रिकोण करायचे, या सगळ्या चेसिसचा जीव तेवढ्यातच आहे. फ्रेम आधी नुसती टाके मारून उभी करायची, समोरासमोरचे दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे, फरक निघाला तर टाका तोडून सरळ करायची, आणि मगच पूर्ण वेल्डिंग, तेही एका बाजूनं सरळ मारत जायचं नाही, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं, कारण गार होताना प्रत्येक जोड आकसतो आणि फ्रेमला आपल्याकडं ओढतो. हे ज्याला माहीत असतं त्याच्या गोठ्यात जमिनीवर नाही, एखाद्या सपाट टेबलावर काम चाललेलं दिसतं, आणि पाइप हलू नयेत म्हणून टेबलावर ठोकळे मारलेले असतात. तुमच्या मुलाकडं असं टेबल आहे का ते मला कळवा.

वेल्डिंगबद्दल एक सांगते. इतक्या पातळ पाइपाला साध्या रॉडच्या मशीननं भोकं पडतात, करंट कमी ठेवून बारीक रॉडनं जमतं पण हात बसायला वेळ लागतो, सीओटू गॅसच्या वेल्डिंग मशीनवर ते काम जास्त चांगलं होतं. त्यानं काय करावं, तर उरलेल्या तुकड्यांचे जोड मारावेत, गार झाल्यावर ब्लेडनं मधोमध कापून बघावेत, आतपर्यंत धातू एकजीव झालाय की नुसता वर बसलाय ते डोळ्यांना दिसतं. जिथं जीव अवलंबून आहे, म्हणजे सस्पेन्शनचे ब्रॅकेट, सीटबेल्टचे पॉइंट, स्टिअरिंग, ते जोड त्यानं मारू नयेत, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या अनुभवी वेल्डरकडनं करून घ्यावेत आणि जवळ उभं राहून बघावेत. आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू, ओल्या जमिनीवर उभं राहून वेल्डिंग नाही म्हणजे नाही, पायाखाली कोरडी फळी, हातात कोरडे ग्लोव्हज, लाइनला ईएलसीबी म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, तोंडावर पूर्ण शील्ड. पाइपांची उघडी तोंडंही बंद करायला सांगा, आतनं गंज धरला तर बाहेरनं दिसत पण नाही.

आता गणिताचं. कर्नाटकात इंजिनिअरिंगचा रँक लावताना सेकंड पीयूचे मार्क निम्मे आणि केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचे निम्मे धरतात, त्यामुळं फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे मार्क पडले तर सीईटीत कितीही चांगलं केलं तरी रँक खाली येतो, तुमची काळजी अगदी खरी आहे. तरी कुलूप घालू नका. ज्या पोराला एक काम मनापासनं आवडतंय त्याच्या त्या कामालाच कुलूप घातलं तर तो पुस्तक उघडून बसेल पण वाचणार नाही. माझं म्हणणं असं की परीक्षेपर्यंत मशीन बंद ठेवा आणि वही उघडा. कापाकापी, वेल्डिंग, ओमनीचा सौदा, सगळं केसीईटी झाल्यावर. तोपर्यंत रविवारी दोन-तीन तास फक्त मोजमाप आणि ड्रॉइंग.

त्याला हे एक करायला द्या. फ्रेमचं मागचं टोक टेबलाला घट्ट बांधायचं, पुढचं टोक मधोमध एकाच टेकूवर ठेवायचं, पुढं आडवा मजबूत पाइप बांधायचा आणि मधल्या रेषेपासनं १ मीटरवर २० किलोचं वजन लटकवायचं. म्हणजे १९६ न्यूटन मीटरचा पीळ बसला. आता फ्रेम किती पिळली ते बघायला फ्रेमच्याच पुढच्या भागाला दुसरी एक हलकी सरळ पट्टी बांधायची, तिच्यावर वजन नको, नाहीतर पाइपाचं वाकणंपण मोजमापात येतं. पट्टीचं १ मीटरवरचं टोक साडेतीन मिलिमीटर खाली गेलं तर तो ०.२ अंशाचा कोन, म्हणजे फ्रेमचा पिळाला कडकपणा अंशाला साधारण ९८० न्यूटन मीटर. मागचं टोक थोडं हललं असेल तर तेवढं वजा करायचं. मग एखाद्या चौकोनात तिरका पाइप तात्पुरता क्लॅम्पनं लावून परत मोजायचं, कुठं लावल्यावर जास्त फरक पडतो ते लिहून ठेवायचं. यात त्याची त्रिकोणमिती आली, टॉर्क आला, चुका वजा करायची सवय आली, आणि मार्क कमी का आले ते तुमच्यापेक्षा त्यालाच आधी कळेल.

वहीचं मी जोर देऊन सांगते कारण हौस आणि करिअर यातला फरक माझ्या बघण्यात बहुतेक वेळा तिथंच पडतो. पाइपांची यादी, प्रत्येकाची लांबी आणि कापायचा कोन, कर्णांची मापं, कुठला जोड तोडून परत केला आणि का, पिळाचे आकडे, तारखेसकट. हात काळे करून काम करणारी पोरं आपल्या भागात भरपूर आहेत, केलेलं काम आकड्यांत मांडणारी फार थोडी, आणि कंपनीवाले शोधत असतात ते त्यांनाच. फ्रीकॅड नावाचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सुट्टीत त्यात हीच फ्रेम काढायला शिकू दे.

कॉलेज कुठलं? मेकॅनिकलला बेळगावातच गोगटे, केएलई, मराठा मंडळ असे पर्याय आहेत, व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय तर बेळगावजवळ माच्छ्यात, त्यासाठी धारवाड-हुबळीला धावायला पाहिजे असं नाही. पण नावावर जाऊ नका. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जावा आणि विचारा, बाजा, सुप्रा किंवा फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या मुलांच्या गाडी करायच्या स्पर्धांसाठी टीम आहे का, आणि गाडी मुलं स्वतः करतात की बाहेरनं करून आणतात. बाजा एसएई इंडिया २००७ पासनं चालू आहे, इंदूरजवळ पिथमपूरला, आणि तिथं नियमाप्रमाणं रोलकेजचा, म्हणजे चालकाभोवतीच्या पिंजऱ्याचा, मुख्य पाइप, त्यातलं कार्बनचं प्रमाण, प्रत्येक जोड तपासतात. तुमचा पोरगा गोठ्यात जे करतोय तेच, फक्त हिशेबानं आणि टीममध्ये. अशा टीममध्ये चार वर्षं काढलेली मुलं इंटरव्ह्यूला बसतात तेव्हा त्यांच्याकडं सांगायला काहीतरी असतं.

मार्क अगदीच साथ देईनात तर जीटीटीसी या सरकारी टूल रूमचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा बघा, बेळगावात आहे, मशीनवर हात बसतो आणि त्या मुलांना काम मिळतं. डिप्लोमानंतर बीईच्या दुसऱ्या वर्षाला जायची वाट उघडीच असते. याला कमी समजू नका, शेजारी काहीही म्हणोत.

पोटापाण्याचं म्हणाल तर नुसत्या हौशी गाड्या करून घर चालेल असं मी सांगणार नाही, आपल्याकडं तो बाजारच लहान आहे. लोटस सेव्हन १९५७ ची, आणि ती सुटे भाग म्हणून विकली जायची त्यातलं एक मोठं कारण म्हणजे तिकडं पूर्ण गाडीवर खरेदी कर होता आणि किटवर नव्हता, आपल्याकडं तशी परिस्थितीच नाही. पण हेच कौशल्य दुसरीकडं रोज लागतं. धारवाडला टाटांचा बस बॉडीचा कारखाना आहे, बसचा सांगाडा म्हणजे चौकोनी पाइपांचीच वेल्डिंग केलेली फ्रेम, तिला एआयएस-०५२ हे बस बॉडीचे नियम लागू आहेत, आणि पाइप कुठं लावला तर बस उलटल्यावर छत खाली बसणार नाही हे बसून ठरवणारी माणसं तिथं लागतात. उद्यमबाग आणि माच्छ्यात फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स, हत्तरगीला विमानांचे भाग, पलीकडं कागल, गोकुळ शिरगाव, पुढं चाकण. जिग-फिक्श्चर म्हणजे काम करताना भाग धरून ठेवणाऱ्या साच्यांचं डिझाइन, वेल्डिंग इन्स्पेक्शन, टेस्टिंग, ही सगळी कामं टेबलावर ठोकळे मारून पाइप सरळ धरणाऱ्या पोराला लवकर समजतात.

एक काम मात्र तुम्ही लगेच करा. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीतनं प्रवेश घेताना सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी वेगळी वर्गवारी असते, त्यामुळं कोल्हापूर, सांगली, पुण्याचे दरवाजेही त्याला उघडे आहेत, आणि आपल्याकडची बरीच पोरं फॉर्म भरताना हे न बघताच पुढं जातात. केसीईटी आणि एमएचटी-सीईटी दोन्हीचे फॉर्म भरा. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा, एसएसएलसीचं मार्ककार्ड, शाळेचा दाखला आणि मातृभाषेचं प्रमाणपत्र हे सगळं परीक्षेच्या गडबडीआधीच काढून ठेवा, जूनमध्ये ऑफिसात रांगा लागतात आणि एका कागदासाठी राउंड जातो.